बारा घासांचा शब्द

इंग्रजीतल्या एका शब्दाची मला आजही किळस येते. माझी नात म्हणते, आजी, किळस पालीची येते, झुरळाची येते, शब्दाची कशी येईल? तिला काय सांगणार. त्या शब्दाला वास आहे, गवारीच्या भाजीचा आणि लेथवरच्या तेलकट पाण्याचा. मध्यंतरी तिच्या शाळेत कसलीशी स्पर्धा होती. तिनं तो शब्द कुठूनसा पैदा केला आणि जेवायला बसल्यावर माझ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवला. सगळ्यांनी कौतुक केलं, मी ताट सारून उठले. सून बिचारी घाबरली, भाजीत मीठ जास्त पडलं की काय म्हणून. तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं. यात माझं चांगलं काही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शब्द असा आहे: फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. वाचताना जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्या घरात त्यापायी फार जिभा अडखळल्या आहेत.

आम्ही तेव्हा चिंचवडला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मध्ये दार नसलेली चौकट, तिला आईनं जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. क्वार्टरच्या मागे अजून ज्वारीचं शेत होतं आणि पुढे कारखान्याची भिंत, त्यामुळे एका बाजूनं पाखरं हाकणाऱ्याची हाळी यायची आणि दुसऱ्या बाजूनं भोंगा. सकाळचा भोंगा झाला की आईचा स्टोव्ह भरभरायला लागायचा, दुपारचा झाला की सायकलींच्या घंटा. वारा पिंपरीकडून आला की औषधांच्या कारखान्याचा आंबूस-गोडसर वास घरात शिरायचा, फसफसलेल्या ताकासारखा. पाहुणे नाकाला पदर लावायचे, आम्हाला तो कळतही नसे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. कुणी पाना मागितला, कुणी ड्रिल मागितलं, की चिठ्ठी घ्यायची, वस्तू द्यायची आणि संध्याकाळी ती परत आली का पाहायचं, एवढं त्यांचं काम. त्यात ते सुखी असते तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

आईनं मला फार पुढे सांगितलं की अण्णा एकदा वरच्या ग्रेडच्या मुलाखतीला गेले होते आणि तिथे ते इंग्रजीत काहीतरी बोलले ते ऐकून साहेब लोक हसले. काय बोलले, ते अण्णांनी तिलाही कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र इंग्रजीचं भूत त्यांच्या मानगुटीवर बसलं. परदेशातून मशीनचे भाग लाकडी खोक्यांत भरून यायचे, आणि ते हलू नयेत म्हणून मध्ये तिकडच्या मासिकांचे चुरगाळलेले कागद कोंबलेले असायचे. लोक ते कागद हात पुसायला घेत. अण्णा ते घरी आणायचे, चटईखाली दाबून सरळ करायचे आणि रविवारी डिक्शनरी घेऊन वाचायला बसायचे. अशाच एका तेलकट पानावर त्यांना तो शब्द भेटला. नुसता शब्द नाही, त्याची सगळी कुंडली: तुकडे किती, जोर कुठल्या तुकड्यावर, शब्द आला कुठून. अण्णांनी ते पान कपाटाच्या दाराला आतून खळीनं चिकटवलं. आमच्याकडे कपाट उघडलं की साड्यांच्या आधी तो शब्द दिसायचा.

शब्दाच्या तुकड्याला, म्हणजे सिलॅबलला, अण्णा घास म्हणत. मोठा शब्द एकदम गिळता येत नाही, त्याचे घास करावे लागतात, असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत ठीक होतं, पण अण्णांनी ते शब्दशः घेतलं. जेवायला बसलं की माझ्या ताटात भाजी-पोळीचे बारा घास करून मांडायचे. फ्लॉक म्हटलं की एक घास तोंडात. तो चावून गिळला की सि. मग नॉ, मग पुन्हा सि. पुढे नि, हि, लि, पि, लि, फि असे सहा घास ओळीनं, आणि अकरावा के. मुख्य जोर त्या के वर, म्हणून त्या घासाला अण्णा स्वतः ठेचा लावून द्यायचे. "इथे जोर, इथे तिखट, म्हणजे जन्मात विसरणार नाहीस," असं म्हणायचे. डोळ्यांतून पाणी काढत बारावा शन गिळला की सुटका. मध्ये चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि ताटात नव्यानं भाजी. भाजी बहुतेक गवारीची असायची, कारण क्वार्टरमागच्या शेतकरणीकडे ती स्वस्त मिळे. गार झालेली गवार, तिच्या दाताखाली येणाऱ्या शिरा, आणि समोर अण्णांचं वर-खाली होणारं बोट. एकदा सातव्या घासाला मला भडभडून ओकारी झाली. आईनं मला मोरीशी नेऊन तोंड धुतलं, पाठीवरून हात फिरवला. अण्णा पाटावरून हललेही नाहीत. मी परत आल्यावर म्हणाले, "बस. सातवा चाललेला."

पण मी त्या शब्दाची नुसती बळी होते, असं म्हटलं तर ते खोटं होईल. चार-सहा महिन्यांत तो शब्द मला असा बसला की झोपेतून उठवलं तरी म्हणेन, आणि मग मला त्याची चटक लागली. घरी कुणी आलं की अण्णा म्हणायचे, सुमे, इकडे ये. मी हात मागे बांधून उभी राहायची. आधी अख्खा शब्द, मग तुकडे, मग जोर, मग उगम. लॅटिनमधले चार शब्द एकापुढे एक जोडले आहेत, एकाचा अर्थ लोकरीचा पुंजका, दुसऱ्याचा क्षुल्लक वस्तू, तिसऱ्याचा काहीच नाही आणि चौथ्याचा केस. चौघांचं मिळून काय, तर एखाद्याला कस्पटासमान लेखणं. पाहुण्यांना यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण पोरीचं इंग्रजी बघा, असं म्हणून जायचे. मी अकरा वर्षांची होते आणि कॉलनीतल्या बाकीच्या मुली मला बावळट वाटायला लागल्या होत्या. पुढे मी इंग्रजी शिकवूनच पोट भरलं. तेव्हा कुठे वाचलं की हा शब्द म्हणे विलायतेतल्या बड्या घरच्या मुलांनी व्याकरण घोकता घोकता थट्टेखातर जुळवला होता, आणि गंभीरपणे तो कुणीच वापरत नाही. एका थट्टेसाठी मी इतकी गवार खाल्ली.

सोपानकाका आमच्याकडे यायला लागले ते याच सुमारास. ते बीडकडच्या एका खेड्यातले, आमच्या कंपनीत लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायचे. कासारवाडीला गावच्या चौघांबरोबर एका खोलीत राहायचे. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती, बाकी माणूस धिप्पाड. त्यांच्या लाइनवर सेटरची जागा रिकामी होणार होती. सेटर म्हणजे मशीन लावून देणारा, त्यानं लावून दिलं की बाकीचे नुसतं चालवतात. ते काम सोपानकाका तसेही करतच होते, जुना सेटर रजेवर गेला की फोरमन त्यांनाच हाक मारायचा. पण जागा हवी तर मुलाखत द्यावी लागणार होती, आणि मशीनवरची इंग्रजी पाटी वाचून दाखवावी लागणार होती. सेटरला क्वार्टर मिळायची. क्वार्टर मिळाली की बायको गयाबाई आणि मुलगी छबू गावाहून इकडे येणार. छबू माझ्याच वयाची. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती आणि ती चौथी होऊन घरी बसली होती. हे सगळं सोपानकाकांनी पहिल्याच दिवशी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. येताना रुमालात भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. अण्णा, एवढी पाटी वाचता आली पाहिजे बघा, म्हणाले.

अण्णांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं पाटी शिकवली असती. अण्णांनी कपाट उघडलं.

त्यांचं तर्कशास्त्र मला आजही तोंडपाठ आहे. तालमीत जो मोठा दगड उचलतो, त्याला खडे उचलायला कुणी शिकवतं का? तसंच इंग्रजीचं. सगळ्यात अवघड शब्द एकदा जिभेवर चढला की बाकीची भाषा आपोआप मागून येते, आणि साहेबावर छाप पडते ती निराळीच. सोपानकाकांनी ते मनापासून मानलं. त्यांच्याकडेही असंच होतं, म्हणाले, जो मारका बैल धरतो त्याला बाकीचे बैल नमतात. दोघा शहाण्यांना ते पटलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. अण्णांना स्टोअरमधून यायला उशीर व्हायचा, म्हणून शिकवायला बसवलं मला.

पहिली पाळी सुटली की सोपानकाका सरळ आमच्याकडे यायचे. आई त्यांना चहा द्यायची. अंगाला कूलंटचा वास, तेलात पाणी कालवून केलेलं ते पांढरं दूध लेथवर सतत सांडत असतं आणि चार दिवसांत नासतं, त्याचा वास कपड्यातून जात नाही. मी नाकाला रुमाल लावून बसायची. त्यांच्यादेखत. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण तेव्हा मला तो मास्तरीणपणाचाच भाग वाटायचा. त्यांना घासांऐवजी शेंगा दिल्या होत्या. बारा शेंगा ओळीनं मांडायच्या, एक तुकडा नीट आला की एक शेंग फोडायची. नि-हि-लि-पि-लि इथे त्यांची जीभ हमखास वळायची. मग मी फूटपट्टी जमिनीवर आपटायची आणि फोडलेल्या शेंगांच्या जागी नव्या मांडायला सांगायची. चाळिशीचा माणूस, मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटानं ओळखणारा, माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि हसून म्हणायचा, बाई, लई वंगाळ हाय तुमचा शब्द. मला ते बाई म्हणायचे. मला फार आवडायचं ते.

एक दिवस त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी मशीनची पाटी उतरवून आणली होती. इंग्रजी अक्षरं येत नव्हती म्हणून चित्र काढावं तशी काढलेली, पण एक वळण चुकलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत रोज एक ओळ याप्रमाणे त्यांनी ती आठवडाभर उतरवली होती. मी पाहिलं. सगळे रोजचेच शब्द होते. सुरू करण्याआधी तेल पाहा, माप घेताना मशीन थांबवा, जाळी काढू नका, असं काहीतरी सहा-सात ओळींत. आठवडाभर रोज एक ओळ घेतली असती तर त्यांना ती पाठ झाली असती.

"बाई, एवढं वाचून द्या की. म्या रोज म्हणत जाईन," ते म्हणाले.

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, आधी शब्द पुरा करा, अण्णा रागावतील. अण्णा रागावले असते हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. सोपान शब्द म्हणायला लागला की खंडेनवमीला साहेबांपुढे तुम्हा दोघांना उभं करीन, असं अण्णांनी मला सांगितलं होतं, आणि मला खंडेनवमी चुकवायची नव्हती. पाटी शिकवून मला कुणी शाबासकी देणार नव्हतं. सोपानकाकांनी कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला आणि शेंगा मांडायला घेतल्या. पडद्याआड आई भाकरी थापत होती, तिनं हे ऐकलं. त्या संध्याकाळी ती अण्णांना म्हणाली, "त्यांना पाटी वाचायची आहे. पाटी शिकवा." आई अण्णांना असं काही सांगत नसे. अण्णांनी पुन्हा तालमीतला दगड काढला आणि ती भाकऱ्यांकडे वळली.

मुलाखतीच्या दिवशी सोपानकाका पेढे घेऊनच आले. आम्हाला वाटलं झालं काम. अण्णांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, एरवी ते चटईवर बसायचे. मग त्यांनी सांगितलं. साहेबांनी पाटीचा कागद पुढे केला, तो काही वाचता आला नाही. मग एका साहेबांनी विचारलं, इंग्रजी काहीच येत नाही का? तेव्हा सोपानकाका उठून उभे राहिले आणि त्यांनी तो शब्द म्हटला, एका दमात, एकही तुकडा न सांडता, जोर बरोब्बर अकराव्यावर. साहेब लोक आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले. शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावून आणलं, त्यांच्यापुढे पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा, सावकाश. चहा मागवला. असा कपबशीतला च्या आपल्याला कंपनीत कुणी पाजला नव्हता, सोपानकाका म्हणाले, साहेब लई खूश. अण्णांचा चेहरा असा फुलला होता की बघवत नव्हता. मी सांगत नव्हतो, मी सांगत नव्हतो, असं दोनदा म्हणाले. आईनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आणि पाटी?"

"ती ऱ्हायली, वहिनी. पर साहेब लई हसले."

आईनं पेढा न खाता देवापुढे ठेवला. अण्णांवरही साहेब असेच हसले होते, आणि त्या हसण्याला खुशी समजायला ते तयार नव्हते. मग सोपानकाकांवरचं हसणं त्यांना वेगळं का वाटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. कुणावर तरी हसतायत आणि तो आपण नाही, एवढ्यावरच ते खूश होते. वडिलांबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मला तसंच वाटतं.

सोपानकाकांनी गावी कार्ड टाकून गयाबाईला आणि छबूला खंडेनवमीला बोलावून घेतलं. आमच्या कंपनीत त्या दिवशी मशीनं बंद असायची. लेथ धुऊन-पुसून लख्ख, वर झेंडूच्या माळा, चाकाला हळदकुंकू, खांबांना केळीचे खुंट. बायकापोरांना त्या एका दिवशी आत सोडत, आणि ज्या मशीननं आपल्या घरची चूल पेटते ते बघायला सगळी नटूनथटून यायची. प्रत्येक लाइनचा नारळ त्या लाइनच्या सेटरनं फोडायचा, असा शिरस्ता होता. नवा सेटर कोण, हे नोटिशीत नंतर लागे. फोरमन ज्याला नारळ फोडायला पुढे बोलावतो तो सेटर, हे सगळ्या कामगारांना ठाऊक असायचं. म्हणून छबूनं नारळ गावाहूनच आणला होता. देवापुढे ठेवून, हळदकुंकू लावून, एसटीत मांडीवर धरून. हिरवा परकर, तेल चापलेल्या वेण्या, लाल रिबिनी, आणि दोन्ही हातांत तो शेंडीवाला नारळ. सोपानकाकांनी पांढरी टोपी घातली होती, इतकी कडक की कपाळावर वळ उठला होता. ते मायलेकींना आपलं मशीन दाखवत होते. छबूनं पाटीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं आणि ते हसून पुढे सरकले.

मग मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांत बायका होत्या, त्यांच्या सेंटचा वास झेंडूच्या वासात मिसळून डोकं उठत होतं. साहेबांनी लाइनपाशी येऊन विचारलं, "अरे, वो लंबा शब्दवाला कहाँ है?" लोकांनी सोपानकाकांना पुढे ढकललं. त्यांनी शब्द म्हटला. पाहुणे हसले. पुन्हा म्हणायला लावला, ते पुन्हा हसले. एका बाईंनी म्हणायचा प्रयत्न केला, त्यांना जमला नाही, त्यावर तर फारच हसले. गयाबाईला वाटलं नवऱ्याचं कौतुक चाललंय, ती पदर तोंडाला लावून लाजत उभी. आणि अण्णांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. साहेब, यह मेरी बेटी, इसने सिखाया.

मी पुढे झाले. हात मागे बांधले. तुकडे सांगितले, जोर सांगितला. उगम सांगितला, लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही, केस. आणि स्वच्छ आवाजात, शाळेत उत्तर द्यावं तसं, अर्थ सांगितला: एखाद्याला कस्पटासमान लेखणं. साहेब म्हणाले, व्हेरी गुड, आणि माझा गाल ओढला. त्यांच्या बोटांना सिगरेटचा वास होता. सोपानकाकांनी अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दोन महिन्यांत तो त्यांना आम्ही सांगितलाच नव्हता. तुकडे आधी, अर्थ शेवटी, असा अण्णांचा क्रम होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात फोरमननं नाव पुकारलं. ते सोपानकाकांचं नव्हतं. गेल्याच वर्षी लागलेला, आयटीआय झालेला एक तरुण होता, त्यानं पाटी वाचून दाखवली होती. तो पुढे आला, कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. छबू नाव ऐकायलाच थांबली नव्हती. फोरमनचं तोंड उघडलेलं बघून ती नारळ घेऊन दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. गयाबाईनं तिची वेणी धरून तिला मागे ओढलं. त्या पोरानं नारळ आपटला, पाणी लेथवरून खाली ओघळलं, सगळे टाळ्या वाजवायला लागले. सोपानकाकांनीही वाजवल्या, टोपी काखेत धरून.

दिवेलागणीच्या आत ती तिघं आमच्या घरी आली. सकाळच्या एसटीनं मायलेकी परत जाणार होत्या. अण्णा म्हणत होते की साहेबांच्या लक्षात नाव राहिलं, हे काही कमी नाही, पुढच्या वेळी बघू. सोपानकाका चटईवर बसून व्हय व्हय म्हणत होते. आईनं गयाबाईला कुंकू लावलं, तिचे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. छबू दाराशी उभी राहून माझी पुस्तकं बघत होती. वरचं पुस्तक तिनं उचललं, उघडलं, मिटलं, होतं तसं ठेवलं.

"तुला ती मशीनवरची पाटी वाचाया येती?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"समदी?"

"हो."

ती आणखी काही विचारील म्हणून मी वाट बघत होते. ती आपल्या आईकडे गेली, नारळ तिच्या हातात दिला, आणि गयाबाईनं तो अण्णांपुढे ठेवून खाली वाकून नमस्कार केला. दोन महिने तुम्ही यांना शिकवलं, काही घेतलं न्हाई, म्हणाली, सणाचं मोकळ्या हातानं कसं जावं. अण्णांनी नको नको म्हणत नारळ घेतला. सोपानकाका पुढे आणखी बरीच वर्षं तोच लेथ चालवत होते, पाहुणे आले की त्यांना बोलावणं जायचं, आणि ते जायचे. आमच्या घरी मात्र ते त्यानंतर आले नाहीत. छबूचं काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. अण्णा म्हणाले, नारळ आहे तर वड्या कर. आई म्हणाली, मी त्या नारळाला हात लावणार नाही. मग अण्णांनीच तो फोडला, खवला, आणि शेवटी आईनं स्टोव्हवर कढई ठेवली. तिनं स्वतः एकही वडी खाल्ली नाही. अण्णांनी दोन खाल्ल्या. मीही एक घेतली. छान झाली होती, म्हणून मी आणखी एक मागितली.